आधी आईचं वजन

डहाणूतल्या सायवनच्या आसपासच्या पाड्यांवर नर्स म्हणून काम करताना बाळांची वजनं करण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. अंगणवाडीच्या आढ्याला अडकवलेला काटा, त्याला लटकवलेली झोळी, झोळीत पाय झाडत रडणारं मूल आणि भोवती उभ्या असलेल्या बाया. जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ कमी वजनाचं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. वहीत आकडे भरायचे आणि महिन्याच्या महिन्याला वर पाठवायचे. मूल वाढत नाही, तर मुलाला औषध, मुलाला जादा आहार, मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात भरती. त्याला झोळीत ठेवून बाजूला उभी राहिलेली त्याची आई, जिचं स्वतःचं वजन चाळीस किलोंनाही टेकत नाही, तिच्याकडे त्या गर्दीत कुणी बघत नाही. ती दमलेली असते. पहाटे पाणी भरून, जळण आणून, मग दोन टेकड्या उतरून आलेली असते.

मी मूळची वसईची, ख्रिस्ती घरातली. रविवारची मिस्सा चुकवायची नाही आणि रात्री आजीच्या तोंडून संतांच्या गोष्टी ऐकायच्या, असं आमचं बालपण. त्या गोष्टींतले संत फार जुन्या काळचे असत, वाळवंटातले, गुहेतले, राजवाडे सोडून निघालेले. दवाखाना चालवणारी, मोटार हाकणारी, नवरा आणि मुलं असलेली बाई संत होऊ शकते, हे मला नोकरीत मुरल्यावर कळलं. 16 मे 2004 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीच्या जान्ना बेरेट्टा मोल्ला यांना संतपद दिलं. लहान मुलांची डॉक्टर, एवढंच तेव्हा माझ्या मनात राहिलं, आणि मग त्यांच्याबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. सायन रुग्णालयातल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांचं काम मला त्याआधीपासून ऐकून माहीत होतं. नर्सिंगच्या जगात त्यांचं नाव निघाल्याशिवाय आईच्या दुधाचा विषय पुरा होत नाही.

या दोघींना मी एकत्र आठवते. एक इटलीतल्या खेड्यातली, एक मुंबईच्या पालिका रुग्णालयातली, दोघी कॅथलिक, दोघी बाळांच्या डॉक्टर. पण मला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. बाळावर उपचार करता करता दोघी आईपर्यंत पोचल्या आणि तिथून मागे फिरल्या नाहीत.

सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय धारावीच्या उंबऱ्यावर आहे. तिथं बाळंत व्हायला येणाऱ्या कितीतरी बाया एका खोलीच्या संसारातून येतात. 1970 च्या दशकात अर्मिडाबाई तिथल्या नवजात बाळांकडे बघू लागल्या, तेव्हा जन्मताना वाचलेली बाळं पुढच्या काही दिवसांत जंतुसंसर्गानं जात. त्या मरणांचं कारण शोधायला मोठं यंत्र लागत नव्हतं. वरचं दूध, ते कालवायचं पाणी, बाटलीचं नीट न उकळलेलं बूच. त्यात एकेका नर्सच्या अंगावर इतकी बाळं, की एकाचं पुसून दुसऱ्याला हात लावण्याआधी हात धुवायलाही सवड नाही. दीड किलोच्या बाळाला जुलाब सुरू झाले की ते किती तग धरणार?

त्या काळी मोठ्या रुग्णालयांची रीत अशी, की नाजूक बाळ काचेच्या पेटीत आणि आई दाराबाहेर. आईबरोबर जंतू येतात, म्हणून तिला लांब ठेवायचं. अर्मिडाबाईंनी आईला आत घेतलं. हात कसे धुवायचे, बाळ कसं पुसायचं, दूध कसं काढायचं आणि ओढायची ताकद नसलेल्या बाळाला ते वाटी-चमच्यानं कसं पाजायचं, हे तिला शिकवलं. बाटली आणि पावडरचा डबा वॉर्डाबाहेर गेला. बाळांचे मृत्यू कमी होत गेले.

चार ओळींत हे सांगून होतं, पण प्रत्यक्ष करणं फार कठीण असतं, हे मी अनुभवानं सांगते. वॉर्डात आई आली की तिच्याबरोबर तिचे प्रश्न येतात, तिचं रडणं येतं, सासूचा निरोप येतो, घरी ठेवलेल्या थोरल्या पोराची काळजी येते. स्टाफला तिची अडचण वाटते. डॉक्टरला आपला अधिकार थोडा खाली उतरवून ठेवावा लागतो. इतकी वर्षं शिकलेल्या माणसानं अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हातावर आपल्या रोग्याचा जीव सोपवायचा, याला मनाची मोठी तयारी लागते. मला यात श्रद्धा दिसते. देवावरची म्हणा, माणसावरची म्हणा, मी त्यात फरक करत नाही.

त्याच दशकाच्या शेवटी दूर कोलंबियात, बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज आपण त्याला कांगारू मदर केअर म्हणतो आणि आमच्याकडची आशाताईसुद्धा ते शिकवते. बाळ जरा स्थिर झालं की मग छातीशी द्यायचं, असाच नियम पुष्कळ वर्षं होता. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की एक किलो ते 1.8 किलोच्या आतलं बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासून लगेच आईच्या छातीशी दिलं, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात. आईला बाहेर ठेवणाऱ्या जुन्या रीतीला याहून सणसणीत उत्तर कुठलं मिळणार?

आता दूधपेढीविषयी. सगळ्याच बाळांना आईचं दूध मिळेल असं नसतं. आई अतिदक्षता विभागात असते, कधी बाळंतपणातच गेलेली असते, कधी सातव्या महिन्यात बाळ झाल्यामुळे दूध यायला वेळ लागतो. अशा बाळाला काय द्यायचं? अर्मिडाबाईंनी 27 नोव्हेंबर 1989 रोजी सायन रुग्णालयात मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. जगातली पहिली 1909 मध्ये व्हिएन्नात निघाली होती, म्हणजे ही कल्पना आपल्यापर्यंत यायला ऐंशी वर्षं लागली.

तिथलं काम साधं आणि काटेकोर आहे. बाळाला पाजून ज्या आईकडे दूध उरतं, तिची आधी तपासणी होते, एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग असं काही नाही ना याची खात्री करतात. मग स्वच्छ भांड्यात दूध काढतात. वेगवेगळ्या आयांचं दूध एकत्र करून साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात. जंतू उरले नाहीत हे प्रयोगशाळेत बघतात आणि उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात. असं दूध सहा महिन्यांपर्यंत टिकतं. पुढं डॉ. जयश्री मोंडकर यांनी ही पेढी नेटानं चालवली आणि तिच्या धर्तीवर देशात ठिकठिकाणी पेढ्या निघाल्या.

त्या एकत्र केलेल्या दुधाचा विचार मी अनेकदा करते. धारावीतली तमिळ बाई, बिहारची बाई, कोकणातली, मुसलमान, बौद्ध, मराठा. सगळ्यांचं दूध एका भांड्यात. ज्या देशात पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून माणसाला मारतात, तिथं एका पालिका रुग्णालयाच्या खोलीत हे वर्षानुवर्षं रोज होत आलं आहे, आणि त्यासाठी कुणाला भाषण करावं लागलं नाही. बाळ भुकेलं होतं, एवढं कारण पुरलं. आमच्या वेदीवर आम्ही एका प्याल्यातून एक होण्याचं बोलतो. त्या बोलण्याला जोडीला असं काही काम हवं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

बाळाचा डॉक्टर आईपर्यंत आला, की त्याला थांबता येत नाही. आई अशक्त का, तर तिला घरात शेवटचं आणि उरलेलं मिळतं म्हणून. ती पाचव्या महिन्यापर्यंत दवाखान्यात का आली नाही, तर तिला कुणी पाठवलं नाही म्हणून. तिच्या अंगावर वळ कसले, हा प्रश्न नर्सला दिसतो आणि विचारायचं धाडस होत नाही. अर्मिडाबाई पुढे त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. तरी रुग्णालयाच्या आत राहून या प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत, हे ओळखून त्यांनी 1999 मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि धारावीच्या गल्ल्यांत काम उभं केलं. नवजात बाळांपासून सुरू झालेलं हे काम काही वर्षांतच घरात मार खाणाऱ्या बायांच्या समुपदेशनापर्यंत गेलं. हा कामाचा विस्तार नव्हता, तोच आजार मुळापर्यंत शोधत जाणं होतं. आणि पोटची मुलगी, रोमिला, कर्करोगानं गेल्यावर त्यांनी 2017 मध्ये वांद्र्याला तिच्या नावानं शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी सेवाकेंद्र सुरू केलं. जन्माच्या दारात आयुष्य घालवलेली डॉक्टर मरणाच्या दाराशीही तितक्याच धीरानं उभी राहिली.

जान्नांकडे वळते. मिलानजवळच्या माजेन्ता गावी 4 ऑक्टोबर 1922 रोजी त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांतल्या त्या दहाव्या. दुसऱ्या महायुद्धात, 1942 या एकाच वर्षी, आई आणि वडील दोघं गेले. तरी शिक्षण सोडलं नाही. 1949 मध्ये पाविया विद्यापीठातून डॉक्टर होऊन 1950 मध्ये मेझेरो या खेड्यात दवाखाना काढला आणि 1952 मध्ये मिलानला बालरोगशास्त्रात विशेष पदवी घेतली. युद्धानं खिळखिळं झालेलं ते खेडं. शेतमजूर, गिरणी कामगार, म्हातारी माणसं, मुलं. ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांना त्या औषध देत आणि खिशात थोडे पैसेही घालत, कारण उपाशी पोटी औषध लागू पडत नाही. मुलांच्या शाळेत आणि पाळणाघरात जाऊन तपासत, आयांना सल्ला देत. रोज सकाळी मिस्सेला जात. डोंगरांची आणि बर्फावरून घसरत जाण्याची त्यांना भारी आवड, चांगले कपडे आणि संगीतही आवडे. डॉक्टर रोग्याच्या शरीराला हात लावतो तेव्हा तो ख्रिस्तालाच हात लावत असतो, असं त्या मानत.

त्यांचा भाऊ ब्राझीलमध्ये डॉक्टर आणि कापुचिन धर्मगुरू होता. जान्नांनाही तिकडे जायचं होतं, पण प्रकृती साथ देईना. त्यांची एक बहीण, व्हर्जिनिया, डॉक्टर होऊन कनोसियन सिस्टर झाली आणि मिशनरी म्हणून भारतात आली. हे वाचलं तेव्हा इटलीतलं ते घर मला एकदम आपल्या ओळखीचं वाटलं.

1955 मध्ये त्यांनी इंजिनिअर पिएत्रो मोल्ला यांच्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली आणि दवाखाना चालूच राहिला. 1961 मध्ये चौथ्या गरोदरपणात दुसऱ्या महिन्यातच गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशय काढून टाकलं असतं तर त्यांच्या जिवाचा धोका टळला असता. त्यांनी 6 सप्टेंबरला फक्त गाठ काढून घेतली आणि गर्भ ठेवला. आई की बाळ अशी वेळ आली तर बाळाला वाचवा, असं बाळंतपणाआधी घरच्यांना सांगून ठेवलं. 21 एप्रिल 1962 रोजी, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, मोंझाच्या रुग्णालयात मुलगी झाली. आठवड्यानं, 28 एप्रिलला, पोटात पसरलेल्या जंतुसंसर्गानं जान्ना गेल्या. वय 39. ती मुलगी पुढं स्वतः डॉक्टर झाली.

आमच्याकडे जान्नांचं नाव निघतं ते या शेवटच्या महिन्यांसाठी. मला त्याबद्दल थोडं बोलायचं आहे, आणि श्रद्धेनंच बोलायचं आहे. बाळंतपणात गेलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यामागं राहिलेलं बाळ पाहिलं आहे, आणि त्या बाळाचं पुढं काय होतं तेही. जान्नांनी घेतलेला निर्णय त्यांचा होता. त्या स्वतः डॉक्टर होत्या, धोका त्यांना कुणाहीपेक्षा नीट कळत होता, आणि नवरा शेजारी उभा होता. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या, रक्त सात-आठावर आलेल्या, दवाखान्याचा रस्ता पावसात तुटलेल्या बाईपुढं असा कुठलाच निर्णय ठेवलेला नसतो. तिचं मरण त्याग म्हणून सांगू नये. ते आपल्या सगळ्यांकडून झालेलं दुर्लक्ष असतं. जान्नांचा गौरव करायचा तर त्यांच्या मेझेरोच्या बारा वर्षांचा करावा. रोज उघडणारा दवाखाना, रोज तपासलेली मुलं, हातात कोंबलेली औषधं. त्या बारा वर्षांशिवाय शेवटच्या त्या निर्णयाला अर्थ नाही.

मुलासाठी काम करायचं तर त्याच्या घरापर्यंत जावं लागतं, हे कळणारी माणसं आमच्या डहाणू-तलासरीतही होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली पाहिजे, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी आली. त्यांनाही मुलाला शिकवता शिकवता त्याच्या घरात शिरावं लागलं होतं. इथल्या वारली आदिवासींनी लग्नाच्या चित्रचौकात मधोमध पालघट या मातृदेवतेला बसवलं आहे. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. आईला मधोमध बसवणाऱ्या या माणसांची खरीखुरी आई मात्र आमच्या योजनांच्या कडेला उभी असते. नाही म्हणायला 2015 पासून अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं. मला हे सरकारचं फार शहाणपणाचं काम वाटतं. मुलाच्या तोंडात घास घालण्याआधी त्याच्या आईच्या ताटात वाढलं पाहिजे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

माझ्या कामातही मी पुढं एक पद्धत पाडून घेतली. बाळ झोळीत ठेवायच्या आधी आईला जमिनीवरच्या काट्यावर उभं करायचं. पहिल्यांदा बाया लाजल्या, हसल्या. “बाय, मी काय आजारी हाय?” असं एकीनं विचारलंही. पण आकडा कळला की बोलणं सुरू होई. काय खाल्लं सकाळी? नागलीची भाकरी आहे का घरात? पहिलं चिकाचं दूध पाजलंस की पिळून टाकलंस? मध-गूळपाणी कुणी चाटवायला सांगितलं? घरात काही त्रास आहे का? बाळाच्या वजनावरून विचारलं की आई गुन्हेगारासारखी खाली बघते. तिच्या स्वतःच्या वजनावरून विचारलं की ती बोलते. मला इतक्या वर्षांत कळलेली बालरोगशास्त्रातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट.

आणि तरीही दिवाळीनंतर हे सारं विस्कटतं. भातं झोडपून झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. पोटुशी बाई, ओली बाळंतीण, तान्हं मूल, सगळी वीटभट्टीवर. अंगणवाडीतलं जेवण इथं शिजतं आणि जेवणारी तिथं मातीत बसलेली असते. माता-बाल संरक्षण कार्ड घरात आढ्याला खोचलेलं राहतं. पहाटेपासून विटा थापणाऱ्या आईला बाळाला पाजायला उठायची सवड मुकादम किती देणार? एसटी स्टँडवर आपण हिरकणी कक्ष केले, चांगलं केलं. भट्टीवर हिरकणीसाठी कुडाचा आडोसाही नाही. पावसाच्या तोंडावर ती घरं परत येतात तेव्हा मुलं वाळलेली असतात आणि आमची वही पुन्हा पहिल्या पानावर आलेली असते.

वसईच्या आणि मुंबईच्या आमच्या ख्रिस्ती घरांतून आज पुष्कळ मुलंमुली डॉक्टर होतात. काही बालरोगतज्ज्ञ होतात, नर्स तर घरोघरी आहेत. जान्ना मोल्लांची तसबीर चर्चमध्ये लावा, तिच्यापुढं मेणबत्ती लावा, मीही लावते. अर्मिडाबाईंचं काम बघायला सायनला जाऊन या. पण त्यानंतर एक विनंती ऐका. महिन्यातून एक रविवार मिस्सा झाल्यावर औषधांची पेटी घेऊन बाहेर पडा. सायवनपर्यंत यायला पाहिजे असंही नाही. दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत आमच्या डहाणू-तलासरीच्या कितीतरी आया आणि बाळं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर असतात, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.